घातलेली मोहिनी आणि लागलेली तंद्री

मराठीत ‘घालणे’ हे क्रियापद मोठे उद्योगी आहे. आपण गळ्यात हार घालतो, पंक्तीला जेवू घालतो, शपथ घालतो, गोंधळ घालतो. आणि आपल्या मनाचा ताबा कोणी घेतला असे वाटले की म्हणतो, त्याने मोहिनी घातली, भुरळ घातली. भारणे, वश करणे, नजरबंदी करणे, चेटूक करणे हे सारे शब्द याच गोत्रातले. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर यांत कर्ता एक आणि कर्म दुसरेच. कर्ता डोळे रोखून उभा आहे आणि कर्म बिचारे लोळागोळा होऊन पडले आहे, असे चित्र हे शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे येते.

परंतु याच भाषेत ‘तंद्री’ नावाचाही एक शब्द आहे. तंद्री कोणी कोणाला घालत नाही. ती लागते. भूक लागते, तहान लागते, डोळा लागतो, गोडी लागते, तशी तीही ज्याची त्याला लागते. कादंबरीत बुडालेल्या गृहिणीला दूध उतू गेल्याचा पत्ता नसतो. कीर्तनात रंगलेल्या आजोबांना मांडीला मुंग्या आल्याचे आरती सुरू झाल्यावर कळते. येथे कोणी हातवारे केलेले नसतात.

आजचा आपला विषय आहे संमोहन. आपले आजे-पणजे याला मोहिनीविद्या म्हणत. या मोहनिद्रेत माणसाला नेमके काय काय अनुभव येतात, आणि त्यांना ‘घालणे’ हे क्रियापद शोभते की ‘लागणे’, एवढाच प्रश्न आपण सोडवायचा आहे. प्रश्न शब्दांचा दिसतो खरा. पण त्याच्या उत्तरावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाची अब्रू आणि मनःशांती अवलंबून असू शकते, हे पुढे दिसेलच.

कांदोळीचा पाद्री

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरने मोठी खळबळ उडवून दिली होती. विश्वात एक अदृश्य चुंबकी प्रवाह आहे, तो आपण रोग्याच्या शरीरात सोडतो आणि रोग बरे करतो, असा त्याचा दावा होता. 1784 साली फ्रान्सच्या राजाने चौकशीसाठी एक समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी एक साधा प्रयोग केला. फ्रँकलिनच्या बागेतले एक झाड मेस्मरच्या शिष्याकडून ‘भारून’ घेतले आणि एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून भलत्याच झाडांपाशी नेले. चौथ्या झाडाशी पोर बेशुद्ध होऊन पडले. ते झाड कोणी भारलेले नव्हते! समितीने निकाल दिला की प्रवाहबिवाह काही नाही. जे घडते ते कल्पनेने घडते.

समिती एवढे बोलून थांबली. पण नुसत्या कल्पनेने माणूस बेशुद्ध पडतो, ही केवढी नवलाची गोष्ट! त्या नवलाचा पाठपुरावा ज्याने केला तो माणूस आपल्या गोव्याचा. जुझे कुस्तोदियु दी फारिया हा बार्देशातील कांदोळी गावी 1756 साली जन्मला, 1771 साली वडिलांबरोबर पोर्तुगालला गेला आणि पुढे रोममध्ये शिकून पाद्री झाला. गोव्यात त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला तो उभा राहिला आणि समोरची बडी मंडळी पाहून त्याची वाचाच बसली. तेव्हा खाली बसलेले वडील कोंकणीत हळूच पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ ते शब्द कानी पडताच याची भीती पळाली आणि प्रवचन धो धो सुरू झाले. गोष्ट खरी असो वा रचलेली, एका शब्दाने माणसाचे मन कसे पालटते हे जन्मभर अभ्यासणाऱ्या माणसाला ती शोभते खरी.

1813 साली फारियाने पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. तो माणसाला आरामात खुर्चीवर बसवी, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगे आणि मग ठासून म्हणे, ‘झोपा!’ चुंबक नाही, प्रवाह नाही. त्याचे म्हणणे असे की हे सामर्थ्य माझ्या हातांत नाही. ते समोर बसलेल्याच्या मनाच्या एकाग्रतेत आहे. लोकांना हे रुचले नाही. चमत्कार करणाऱ्यानेच ‘मी चमत्कार करीत नाही’ म्हणावे, याच्याइतकी निराशा दुसरी कोणती? 1816 साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टवाळी करणारे प्रहसन आले. 1819 साली त्याचा ग्रंथ छापला गेला आणि त्याच वर्षी तो वारला. त्याचे सारेच बरोबर होते असे नव्हे. पातळ रक्ताच्या माणसांना ही निद्रा लवकर लागते असे तो मानी आणि ते चूक ठरले. पण मुख्य मुद्दा टिकला. पुढे 1843 साली जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्या शल्यवैद्याने या प्रकाराला ग्रीक निद्रादेवाच्या नावावरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव दिले. आणि ही झोप नव्हे हे ध्यानी आल्यावर त्याला स्वतःलाच ते नाव पसंत पडेना. पण नाव एकदा पडले की पडले!

हात उचलवत नाही

ही झोप नव्हे, हे पहिल्यानेच नीट समजून घेतले पाहिजे. मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख काढला तर मोहनिद्रेतला आलेख झोपेसारखा दिसत नाही, जागेपणासारखा दिसतो. माणसाला बाहेरचे आवाज ऐकू येतात, आपण कोठे आहोत हे ठाऊक असते, आणि पुष्कळदा तर तो नंतर तक्रार करतो की ‘छे, मला काही झालेच नाही, मला तर सगळे ऐकू येत होते!’ बेशुद्धीची वाट पाहत बसलेल्याची अशी निराशा व्हायचीच.

मग होते काय? प्रथम पापण्या जड होतात. हातपाय एकतर शिशासारखे जड किंवा पिसासारखे हलके वाटू लागतात. श्वास संथ होतो. बाहेरचे आवाज येत असतात, पण शेजारच्या घरातल्या रेडिओसारखे. काळाचा हिशेब चुकतो. अर्धा तास उलटून गेलेला असतो आणि माणूस सांगतो, दहा मिनिटे झाली असतील.

यानंतर सूचनांचे अनुभव सुरू होतात. ‘तुमचा हात हलका झाला आहे, तो वर चालला आहे,’ असे शांतपणे सांगत राहिले की हात खरोखरच वर जाऊ लागतो. ‘हात लोखंडी कांबीसारखा ताठ झाला आहे, वाकवून पाहा,’ म्हटले की तो वाकत नाही. येथे आमच्या मराठी व्याकरणाची मौज पाहा. असा अनुभव घेतलेला माणूस ‘मी हात उचलला’ असे म्हणत नाही. ‘हात उचलला गेला’ म्हणतो. ‘मी हात वाकवीत नाही’ असे म्हणत नाही. ‘माझ्याने हात वाकववत नाही’ म्हणतो. स्नायू त्याचेच, ताकद त्याचीच, पण कर्तेपणाची जाणीव तेवढी गळून पडते. मोहनिद्रेची सर्वांत पक्की खूण कोणती असे विचारले तर अभ्यासक हीच सांगतील: आपण केलेली गोष्ट आपोआप घडल्यासारखी वाटणे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हिलगार्ड आणि वाइट्झेनहोफर या मानसशास्त्रज्ञांनी 1959 पासून या अनुभवांच्या मोजपट्ट्या तयार केल्या. एकामागून एक सूचना द्यायच्या आणि कितींना प्रतिसाद मिळतो ते मोजायचे. पहिल्या सोप्या: हात जड होऊन खाली येणे वगैरे. या बहुतेकांना साधतात. मग कठीण: हातावर डास बसला आहे अशी सूचना दिली की माणूस चेहरा वाकडा करतो, डास हाकलतो. तोंडात गोड चव आली म्हटले की जीभ फिरवतो. अमोनियाची कुपी नाकाशी धरली तरी ‘वास येत नाही’ म्हणतो. आणखी कठीण म्हणजे असलेली वस्तू न दिसणे. समोर तीन लहान डब्या ठेवलेल्या असतात आणि तो दोनच मोजतो. पायरी चढावी तशी माणसांची संख्या रोडावत जाते. वरपर्यंत सहज पोचणारे शंभरांत दहा-पंधरा, जवळजवळ काहीच न अनुभवणारेही साधारण तितकेच, आणि उरलेले आपण सारे मधले.

हे प्रमाण संमोहनकर्त्याच्या डोळ्यांतील तेजावर ठरत नाही. ज्याचे गुण विद्यार्थिदशेत चांगले भरले त्याचे पंचवीस वर्षांनी मोजले तरी बहुधा चांगलेच भरतात, असे स्टॅनफर्डच्या मंडळींनी 1989 साली दाखवून दिले. म्हणजे ही एक अंगची देणगी आहे. गाता गळा असतो तशी. हिचा मनाच्या दुबळेपणाशी किंवा भोळसटपणाशी संबंध नाही. जी माणसे पुस्तकात, गाण्यात, कल्पनेत सहज बुडतात त्यांना ही तंद्री लवकर लागते, एवढेच काही अंशी दिसून आले आहे. ही मनाची अगदी निराळी अवस्था मानावी की एकाग्रता, अपेक्षा आणि कल्पना यांचीच करामत मानावी, यावर पंडितांत अजून वाद आहे. पण अनुभव ज्याचा त्याच्यातून उमलतो, याविषयी दुमत नाही.

वेदना आणि आठवण

या सर्व अनुभवांत माणसाच्या सर्वांत उपयोगी पडलेला अनुभव म्हणजे वेदनेची धार बोथट होणे. क्लोरोफॉर्म येण्यापूर्वीची गोष्ट. बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा शल्यवैद्य होता. 1845 च्या एप्रिलमध्ये अंडवृद्धीच्या विकाराने कळवळणाऱ्या एका कैद्यावर त्याने हा उपाय प्रथम करून पाहिला. पुढे त्याने मोठमोठ्या गाठी कापून काढण्याच्या शेकडो शस्त्रक्रिया याच रीतीने केल्या. रोग्यांवरून तासन्‌तास हात फिरवण्याचे काम त्याचे हिंदी मदतनीस करीत. 1846 साली कलकत्त्यात यासाठी एक लहानसे रुग्णालयही त्याला मिळाले. मग ईथर आणि क्लोरोफॉर्म आले, आणि तासन्‌तास हात फिरवण्याची गरज संपली.

हे रोगी नुसते दात आवळून गप्प राहत असतील, अशी शंका तेव्हाही घेतली जाई. 1997 साली माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनी तिचा छडा मेंदूत लावला. स्वयंसेवकांचे हात चटका बसेल अशा गरम पाण्यात बुडवले आणि मोहनिद्रेत त्यांना कधी ‘हे फार त्रासदायक आहे’, तर कधी ‘याचा त्रास होत नाही’ अशा सूचना दिल्या. पाणी तेच. मेंदूचा जो भाग चटका नोंदवतो त्यात फारसा फरक पडला नाही. पण त्या चटक्याचे दुःख वाटण्याशी ज्या भागाचा संबंध आहे त्याचे काम सूचनेप्रमाणे कमीअधिक झाले. कळ कळत होती, पण जिव्हारी लागत नव्हती. ब्रिटनमधील वैद्यांच्या संघटनेने 1955 साली आणि अमेरिकेतील संघटनेने 1958 साली संमोहनाला उपचाराचे साधन म्हणून मान्यता दिली होती. आतड्यांच्या जुनाट दुखण्यात औषधांनी वर्षभर गुण न आल्यास याचा विचार करावा, असे ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेने 2008 साली सांगितले.

याच्या उलट, फसवा अनुभव म्हणजे आठवणींचा. ‘तुम्ही आता सहा वर्षांचे आहात,’ असे सुचवले की चांगला शिकलासवरलेला माणूस बोबडे बोलू लागतो, पाय हलवीत बसतो, वेड्यावाकड्या अक्षरांत नाव लिहितो. पाहणाऱ्याला वाटते, गेलेला काळ परत आला. मार्टिन ऑर्न या संशोधकाने 1951 साली हे बारकाईने तपासले. सहा वर्षांच्या झालेल्या त्याच्या एका माणसाने बालअक्षरांत एक लांबलचक, जड शब्दांचे इंग्रजी वाक्य लिहिले, पण शुद्धलेखनाची एक चूक नाही! दुसऱ्याला लहानपणी फक्त जर्मन येत असे. त्याला इंग्रजीत विचारले, ‘तुला इंग्रजी समजते का?’ तो जर्मनमध्ये उत्तरला, ‘नाही.’ प्रश्न समजला नसता तर उत्तर कसे देता? यात लबाडी नव्हती. मन स्मृती उकरून काढीत नव्हते. ते लहान मुलाची भूमिका मनःपूर्वक वठवीत होते.

म्हणूनच ‘पूर्वजन्म दाखवतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. 1952 साली अमेरिकेतील एका गृहिणीने मोहनिद्रेत आपण एकोणिसाव्या शतकातील आयरिश स्त्री होतो असे सांगितले, 1956 साली त्यावरचे पुस्तक हातोहात खपले, आणि पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा लहानपणी तिच्या घरासमोर राहणाऱ्या आयरिश बाईचे नाव जवळजवळ तेच निघाले. आपल्याकडेही 2009 साली दूरचित्रवाणीवर पूर्वजन्माचे कार्यक्रम झाले. मोहनिद्रेत आठवणींची संख्या वाढते, त्यांवरचा विश्वास वाढतो. खरेपणा मात्र वाढेलच असे नाही. 1985 साली अमेरिकन वैद्यक संघटनेनेही हेच बजावले. पूर्वजन्मीची राणी होण्यात फार नुकसान नाही. पण अशा ‘आठवणी’वरून कोणी सख्ख्या माणसावर आरोप केला तर घर मोडते.

एका सासूबाईंची गोष्ट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या सदराच्या एका वाचक भगिनींनी पत्रातून आपल्या सासूबाईंची हकीकत कळवली आहे. सासूबाई सत्तरीपुढच्या. बाजारातून येताना दोघा जणांनी अडवले. ‘आजी, आम्ही पोलीस आहोत. पुढच्या गल्लीत खून झालाय. पाटल्या काढून रुमालात बांधा, लवकर!’ एकाने रुमाल बांधूनही दिला. घरी येऊन सोडला तर आत खडे. घरचे म्हणाले, भुरळ घातली. वर्तमानपत्राने छापले, ‘संमोहित करून वृद्धेस लुटले.’ तेव्हापासून सासूबाई घराबाहेर पडत नाहीत. ‘माझं मन दुबळं झालंय गं, उद्या कुणीही येऊन मला भारील,’ एवढेच म्हणतात. भगिनी विचारतात, असे खरेच करता येते का?

ताई, सासूबाईंना सांगा, भरस्त्यात, अनोळखी माणसाने, मनाविरुद्ध, दोन मिनिटांत कोणाला असे भारता येते याला शास्त्रात आधार नाही. 1965 साली ऑर्न आणि इव्हान्स यांनी मोहनिद्रेतील माणसांना विषारी साप उचलायला आणि दुसऱ्याच्या अंगावर आम्ल फेकायला सांगितले. सर्वांची सुरक्षितता गुपचूप सांभाळली होती. त्यांनी तसे केले! पण खरी गंमत पुढेच आहे. मोहनिद्रेचे नुसते सोंग घेतलेल्यांनीही तसेच केले. कारण प्रयोगशाळेतली शहाणी माणसे आपल्याला इजा होऊ देणार नाहीत, हा विश्वास. तेव्हा माणूस ऐकतो तो मोहिनीमुळे नव्हे. अधिकार, विश्वास आणि घाई यांमुळे.

त्या दोघांनी हेच वापरले. पोलिसांचा दरारा, खुनाचे भय, ‘लवकर’ हा शब्द आणि हातचलाखी. या चौघांपुढे तरण्याताठ्यांचीही अक्कल गुंग होते. सासूबाईंचे मन दुबळे नाही. त्यांचा कायद्यावर विश्वास होता आणि त्या विश्वासावर दरोडा पडला. ‘भुरळ’ म्हटल्याने घरात कोणी बोल लावीत नाही, हे खरे. पण त्या शब्दाने चोर जादूगार होतो आणि म्हातारी बाई कायमची घाबरते. शिवाय चोरांचा चेहरा, बोलणे, गाडी यांविषयी तिला मग कोणी धड विचारीतही नाही, कारण ‘तिला काय आठवणार, ती तर भारलेली होती!’ त्यांना सारे विचारा. आठवेल. मात्र कोणी काही खायला-प्यायला देऊन किंवा हुंगवून खरोखर शुद्ध हरपली असेल, तर तो संमोहनाचा नव्हे, गुंगीच्या औषधाचा मामला. तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठावा.

आणि कोणाला उपचारासाठी संमोहन हवेच असेल तर ते पदवीधर डॉक्टराकडून किंवा प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडून घ्यावे. दुखणे काय आहे हे प्रथम ज्याला ओळखता येते त्यानेच हे साधन हाती धरावे. ज्यांना भास होतात, संशय येतात अशा मनोरुग्णांनी हौसेने या वाटेला जाऊ नये. ‘जागच आली नाही तर?’ ही धास्ती मात्र कोणी बाळगू नये. संमोहनकर्ता मध्येच उठून गेला तरी माणूस थोड्या वेळाने आपणहून डोळे उघडतो, किंवा साधी डुलकी काढून उठतो.

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी, फारियाचा पुतळा उभा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला. 1945 पासून तो तेथे आहे. झगा घातलेला फारिया हात पसरून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री मोहनिद्रेत कलंडली आहे. शिल्प मोठे देखणे आहे. पाहणाऱ्याची नजर साहजिकच त्या पसरलेल्या हातांकडे जाते. फारिया स्वतः तेथे असता तर त्याने आपल्याला त्या स्त्रीकडे पाहायला सांगितले असते.